आरोग्य केंद्रातलं सोलर-डिझेल : दहा महिने वापरून

धडगाव तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मागच्या मे महिन्यात ही सिस्टीम बसली. ५ किलोवॅटची पॅनेलं, १० युनिटची लिथियम बॅटरी, ५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि जोडीला जुना डिझेल जनरेटर. विजेची लाइन जोडलेलीच नाही. गावात ती आहे, पण व्होल्टेज असं की स्टॅबिलायझर जळायचे. मी इथला फार्मासिस्ट. लसींचा आयएलआर, म्हणजे लस थंड ठेवणारा खास फ्रिज, माझ्या ताब्यात, त्यामुळे या सिस्टीमची ओळख घरच्या म्हशीइतकी झालीय.

ऊन असलं की तक्रार नाही. दिवसाला २० युनिट सहज येतात, आम्हाला लागतात ९-१०. खरी परीक्षा जुलैत. ढग उतरले की ४ युनिट, एकदा सलग तीन दिवस ३ युनिटच. बसवणाऱ्याने 'तीन दिवसांचा बॅकअप' सांगितला होता, तो बहुतेक फक्त दिवे धरून. आमच्या वापराला बॅटरी एक दिवस पुरते, तेवढंच धरून चाला.

आयएलआरच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहतं. ट्रेनिंगमध्ये हे पाठ केलं होतं, कळलं ते जुलैत. एमओ (मेडिकल ऑफिसर) मॅडमना विचारून टायमर लावला : सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालू, रात्री बंद. सकाळ-संध्याकाळच्या तक्त्यात ६ च्या वर आकडा गेला नाही. रात्री झाकण उघडायचं नाही, एवढंच पथ्य.

त्याच महिन्यात एकदा रात्री दोनला डिलिव्हरी झाली. बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरवर, उपकरणं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालू, आणि टाकी रिकामी म्हणून शिपाई मामांनी पाण्याची मोटर सुरू केली. मोटर उचलते तेव्हा भलताच करंट ओढते. इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद. सिस्टरांनी बाळ आईच्या छातीवर ठेवून वर चादर टाकली, मी मोबाइलच्या उजेडात आधी मोटर बंद केली, मग इन्व्हर्टर रिसेट. सात मिनिटं गेली. बाळ छान आहे, पण माझे हात नंतर चहा घेतानाही थरथरत होते. आता लेबर रूमची वायरिंग वेगळी. मोटर आणि ऑटोक्लेव्हच्या बोर्डांवर लाल टेप : दिवसाच लावायचं, एका वेळी एकच.

जनरेटरनेही दगा दिला. ऑगस्टमध्ये गरज पडली तेव्हा स्टार्टच होईना. बरेच दिवस न वापरल्याने त्याची स्वतःचीच बॅटरी उतरली होती. तेव्हापासून दर रविवारी पंधरा मिनिटं फिरवतो. पूर्वी रोज चार-पाच लिटर डिझेल जायचं. आता पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर रविवारचं फिरवणं सोडून काही जात नाही. इन्व्हर्टरचं मोबाइल ॲप निरुपयोगी, इथे रेंजच नाही. पडद्यावरचे आकडे मी वहीत उतरवतो.

एक चूक मात्र अक्षम्य. जागेची पाहणी मे महिन्यात झाली, सूर्य डोक्यावर असताना. दक्षिणेला मोहाचं झाड आहे हे कोणाच्या मनातच आलं नाही. नोव्हेंबरात सूर्य खाली कलला, दुपारी दोन पॅनेलांवर सावली येऊ लागली आणि पॅनेलं एकामागे एक जोडलेली असल्याने पूर्ण ओळीचं उत्पादन घसरलं. बसवणारा म्हणाला, झाड तोडा. इथे मोह तोडायचं नाव काढलं तर गावात पाणी मिळणार नाही. शेवटी ती दोन पॅनेलं पलीकडच्या छपरावर नेली, वायरचा खर्च आमच्या माथी. पाहणी करून घ्याल तर डिसेंबरात करा.

सध्या मोह गळतोय. पहाटे बायका टोपल्या घेऊन येतात. पॅनेलांवर पडलेली फुलं मी वरून झाडूने खाली लोटतो, त्या वेचतात, आणि पॅनेल पुसून होतात.