गच्चीवरून बोटी ऐकताना : एआयएस रिसीव्हर नऊ महिने वापरल्यावर

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अलिबागच्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवून, भाच्याने एक पाइप उभा केला आणि त्यावर अँटेना बसवली. आता आषाढ लागलाय. मधले आठ दिवस सोडले तर हे यंत्र, म्हणजे बोटींचे रेडिओवरचे निरोप ऐकणारा एआयएस (ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम) रिसीव्हर, रोज चालू आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय.

माझा मुलगा बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, थर्ड ऑफिसर आहे. सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा अशी ब्रिजवरची, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथली, वॉच (पहाऱ्याची पाळी) त्याची. तो गेल्यावर अशा घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. फोनवर जहाजं दाखवणारं फुकटचं ॲप घेतलं, बोटीचं नाव टाकलं आणि दिवसातून वीस वेळा नकाशावरचा तिचा बाण बघायला लागले. बोट सिंगापूरहून रिकामी निघाली होती, दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बेला कोळसा भरायला. मलाक्काची सामुद्रधुनी संपली, बोट सुमात्राच्या टोकाशी आली आणि बाण थांबला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. घास गिळवत नव्हता. बाणाखाली बारीक अक्षरांत ‘शेवटचा संदेश ४ दिवसांपूर्वी’ असं लिहिलेलं होतं, ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, “आई, मी मजेत आहे. बोट शेवटची जिथे ऐकू आली, तिथे तुझा बाण थांबलाय. पुढे किनाराच नाही, तर ऐकणार कोण?”

ते ‘ऐकणार कोण’ डोक्यात बसलं. तोवर मला वाटायचं, कुठूनतरी वरून कुणीतरी बोटींकडे बघत असतं. तसं नाही. एआयएस असलेली प्रत्येक बोट स्वतःच रेडिओवरून सांगत असते : माझा नंबर हा, मी इथे आहे, वेग इतका, तोंड या दिशेला. हे सांगणं चालतं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन चॅनेलवर, उघड, कुणालाही ऐकता येईल असं. समोरच्या बोटीने वेळेत ओळखावं, टक्कर होऊ नये, हा त्याचा मूळ हेतू. ३०० ग्रॉस टनाच्या वरच्या परदेशी जाणाऱ्या बोटींवर आणि आकार कितीही असला तरी प्रवासी बोटींवर हे यंत्र २००४च्या अखेरीपर्यंत बसवणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं झालं. घरी बसलेल्या आयांसाठी ते केलेलंच नाही, एवढं समजलं तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

सगळ्या बोटी याच दोन चॅनेलवर बोलतात तर गोंधळ कसा होत नाही, हे समजल्यावर मला फार आनंद झाला. एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात आणि जीपीएसच्या घड्याळामुळे सगळ्यांचे तुकडे एकाच वेळी सुरू होतात. बोट एका तुकड्यात बोलते आणि त्याच वेळी पुढचा कुठला तुकडा घेणार तेही सांगून टाकते. आपल्या लोकलमध्ये दादरला उतरणाऱ्याची सीट घाटकोपरलाच बोलून ठेवतात ना, तसंच. बाकीच्या बोटी ते ऐकतात आणि ती जागा सोडतात. जागा वाटून देणारा साहेब नाही, तरी एकेका तुकड्यात, २६.६७ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहून जरा जास्त वेळात, एक अख्खा निरोप जातो.

निरोप किती वेळाने येतो हेही ठरलेलं आहे, आणि बाण वाचायला शिकायचं तर हे पाठच हवं. नांगरावर उभी बोट तीन मिनिटांतून एकदा बोलते. १४ नॉटपर्यंतच्या वेगात (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) दर दहा सेकंदांनी, १४ ते २३ नॉटमध्ये दर सहा सेकंदांनी, आणि वळण घेताना त्याहून भराभर. नाव, लांबी-रुंदी, कुठे चालली, पाण्याखाली किती खोल, ही माहिती मात्र सहा मिनिटांतून एकदाच. म्हणून नवीन बोट माझ्या पडद्यावर आली की आधी नुसता नंबर दिसतो, नाव मागून येतं. नंबर नऊ आकडी असतो आणि पहिल्या तीन आकड्यांवरून नोंदणीचा देश कळतो. भारताचा ४१९, लायबेरियाचा ६३६, मार्शल बेटांचा ५३८. ९९ने सुरू झाला तर ती बोटच नाही, बोया (पाण्यावर तरंगती खूण) किंवा दीपगृह असतं. सुरुवातीला अशा एका बोयाला मी दोन दिवस ‘बिचारी बोट अडकलीय’ म्हणून बघत होते.

आता सामान. संगणकाला लावायचा छोटा रेडिओ डोंगल, एक रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा संगणक), एआयएस-कॅचर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि अँटेना. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत झालं. अँटेना भाच्याने घरीच केली. या लहरींची लांबी साधारण १.८५ मीटर, तिचा पाव भाग ४६ सेंटिमीटर, तेवढी पितळी दांडी उभी. आडवी लावली तर ऐकू येणं फार घटतं, कारण बोटीवरच्या अँटेना उभ्या असतात. केबल डिश टीव्हीचीच चालते. हे यंत्र फक्त ऐकतं. पाठवणाऱ्या यंत्राच्या वाटेला हौस म्हणून जाऊ नका, ते परवान्याचं आणि जबाबदारीचं काम आहे.

पहिल्याच संध्याकाळी पडदा भरून गेला. न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनर बोटी, मुंबईबाहेर नांगरलेले टँकर, टग, पायलट बोटी, धरमतरच्या खाडीत शिरणारे बार्ज, मांडव्याची रो-रो. खिडकीतून खांदेरीपलीकडे जो दिवा सरकताना दिसतो, त्याला आता नाव आहे, हे मला अजून नवलाचं वाटतं. पल्ला साधारण वीस सागरी मैल मिळतो, त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. याचं गणित सोपं आहे : आपल्या अँटेनाची आणि बोटीवरच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि २.२ने गुणायचं. आमची नऊ मीटरवर, मोठ्या बोटीची समजा ३६ मीटरवर. तीन अधिक सहा, नऊ. म्हणजे वीस मैल. म्हणून जास्त पैसे घालायचे असले तर महागड्या डोंगलवर नको, उंच पाइपवर घाला.

बंद पडलेल्या आठ दिवसांचं कारण खारा वारा. केबलच्या जोडावर हिरवा गंज चढला आणि जानेवारीत आवाज हळूहळू कमी होत बंद झाला. जोड घासून, त्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळली, तेव्हापासून ठीक आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

मला न आवडलेली गोष्ट म्हणजे हाताने भरलेली माहिती. ठिकाण आणि वेग जीपीएसवरून आपोआप येतो, पण ‘कुठे चालली’ आणि ‘नांगरावर की चालू’ हे ऑफिसर टाइप करतो. १२ नॉटने पळणारी बोट ‘नांगरावर’ म्हणून दिसते. मुलाला विचारलं तर म्हणाला, “आई, नांगर उचलताना ब्रिजवर काय धावपळ असते! तेवढं बदलायचं राहतं.” तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांच्या काळात तर बोटींनी बंदराच्या नावाच्या जागी ‘सशस्त्र रक्षक आहेत’ असं लिहिलं होतं. ती वीस अक्षरांची जागा माणसांची आहे, हे धरूनच ती वाचावी.

जीपीएसवरून येणारं ठिकाणही खोटं असू शकतं, हे मला उशिरा कळलं. २०१७मध्ये काळ्या समुद्रात बोटी चक्क रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर दिसायला लागल्या होत्या. जून २०२५मध्ये इराण-इस्राएल युद्धात होर्मुझच्या परिसरात जीपीएसमध्ये अडथळे आणले गेले, तेव्हाही ठिकाणं चुकीची येत होती. एआयएसच्या निरोपाला सही-शिक्का काही नाही. जे सांगितलं ते ऐकलं, इतकंच. शिवाय बोटीला धोका वाटला तर कप्तान यंत्र बंद ठेवू शकतो, नियमच तशी मुभा देतो. त्यामुळे बाण नाहीसा झाला म्हणजे बोट नाहीशी झाली, असं कृपा करून समजू नका. त्या युद्धाच्या बातम्यांच्या दिवसांत मी दोन घरांना फोन करून हेच सांगितलं.

खोल समुद्रातलं ऐकायला उपग्रह लागतात आणि ॲपवाले त्याचे पैसे घेतात. त्यालाही कारण आहे. वीस-चाळीस मैलांच्या परिसरातल्या बोटी आपापसांत जागा ठरवतात, पण वरून उपग्रहाला अशा कितीतरी वस्त्या एकदम ऐकू येतात आणि त्यांचे निरोप एकमेकांवर पडतात. नॉर्वेचा एआयएससॅट-१ हा याच कामाचा छोटा उपग्रह १२ जुलै २०१०ला आपल्या पीएसएलव्ही रॉकेटनेच श्रीहरिकोट्याहून वर नेला. मी मोठ्या प्रवासापुरते एक-दोन महिन्यांचे पैसे भरते, एरवी नाही.

सध्या मासेमारी बंद आहे, म्हणून शेजारचे तांडेल काका रोज येऊन पडदा बघतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “वहिनी, यात माझी होडी कुठाय?” नव्हतीच. त्यांच्या होडीवरचा ट्रान्सपॉन्डर (निरोप पाठवणारं यंत्र) वेगळा, तो थेट इस्रोच्या उपग्रहाशी बोलतो. असे एक लाख बसवायची योजना ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला सुरू झाली. तो निरोप माझ्या अँटेनाला ऐकू येत नाही आणि समोरून येणाऱ्या कंटेनर बोटीच्या एआयएसवरही येत नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे रात्री डोळे आमचेच उघडे पाहिजेत.” मला या सगळ्यातली ही सर्वांत मोठी उणीव वाटते. रिकामा दिसणारा पडदा म्हणजे रिकामा समुद्र नव्हे, आणि आमच्या समोरच्या समुद्रात तर मुळीच नव्हे. यंत्र असून टक्कर होते ती वेगळीच. ७ ऑगस्ट २०१०ला एमएससी चित्रा आणि खलिजिया या मोठ्या बोटी मुंबई बंदराच्या तोंडाशी भिडल्या, तेव्हा एआयएसची सक्ती होऊन साडेपाच वर्षं झाली होती. त्या दिवसांतलं तेलाने माखलेलं पाणी या भागात अजून कुणी विसरलेलं नाही.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय. मार्च ते मे या महिन्यांत काही संध्याकाळी पल्ला एकाएकी वाढतो. जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्रावरच्या गार दमट हवेवर पसरते आणि लहरी त्या थराखाली अडकून पाण्यालगत दूरवर येतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारला अरबस्तानचा किनारा दिसायचा, तो यामुळेच. एप्रिलमध्ये मुलाची बोट कोळसा घेऊन गुजरातला दहेजला चालली होती, अलिबागपासून शंभर मैलांहून लांबून. माझ्या हिशेबाने ऐकू येणं शक्यच नव्हतं. रात्री आठ चाळीसला यादीत ५३८ने सुरू होणारा एक नंबर आला. नाव नव्हतं, नावाचा निरोप आलाच नाही. पण तो नंबर मला झोपेतही आठवतो. वेग ११.८ नॉट, तोंड वायव्येला. अकरा निरोप आले आणि मग काही नाही. कुठल्या ॲपवरून नव्हे, आमच्या टाकीशेजारच्या दांडीने ऐकलेले. आठ चाळीस म्हणजे वॉच त्याचीच, ब्रिजवर तोच उभा असणार.