कॅसँड्राचा टीटीएल: गोडी छाटणीपासून आजवरचा अनुभव

दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागांत आमचे सेन्सर आहेत. तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा. नोंदी कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये जातात. डाऊनी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांचा अंदाज द्यायला तेवढं पुरतं, आणि कच्च्या नोंदी ९० दिवसांनंतर सहसा कुणी उघडत नाही. म्हणून टेबललाच ७७,७६,००० सेकंदांचा डीफॉल्ट टीटीएल (टाइम टू लिव्ह, म्हणजे नोंदीची मुदत) लावला. गेल्या गोडी छाटणीपासून (ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी) तो चालू आहे.

क्वेरीच्या बाजूने तक्रार नाही. मुदत संपली की नोंद दिसायची थांबते, रात्रीचे डिलीटचे जॉब गेले. डिस्कचा हिशेब मात्र वेगळा. मुदत संपल्यावरही डेटा डिस्कवर राखून ठेवायचा काळ, म्हणजे जीसी ग्रेस, मुळात १० दिवसांचा असतो, तो उलटल्याशिवाय फाइल जात नाही. त्यामुळे जागा शंभराहून जास्त दिवसांची धरा. टाइम विंडो कॉम्पॅक्शन, म्हणजे एका कालखंडातल्या नोंदींच्या फाइली एकत्र करणं, हवंच. आमची विंडो ३ दिवसांची आहे. सगळं मुदतबाह्य झालं की अख्खी एसएसटेबल (कॅसँड्राची डिस्कवरची डेटा फाइल) उडते, पुन्हा लिहिणं नाही.

हे कागदावर. जानेवारीअखेर जागा मोकळी व्हायला हवी होती, डिस्क ढिम्म! बागेत वीज जाते, रेंज जाते, मग गेटवे (सेन्सरच्या नोंदी गोळा करून पाठवणारं यंत्र) साचलेलं सगळं एकदम पाठवतो. गेटवे पुरवणाऱ्याच्या कोडमध्ये सेन्सरची जुनी वेळ थेट राइट टाइमस्टॅम्प (नोंद लिहिल्याची वेळ) म्हणून जात होती. टीटीएल मात्र लिहिल्या क्षणापासून मोजतात. म्हणजे ताज्या फाइलमध्ये जुन्या टाइमस्टॅम्पच्या जिवंत नोंदी. अशी फाइल दुसरीशी ओव्हरलॅप होत असेल, म्हणजे दोन्हींत त्याच की असू शकत असतील, तर आधीची मुदतबाह्य फाइल कॅसँड्रा टाकत नाही. तिच्यातला टूमस्टोन (नोंद खोडल्याची खूण) त्या नोंदी झाकत असू शकतो. अशी एकच फाइल आधीच्या अनेक फाइलींना अडवू शकते. एसएसटेबल एक्स्पायर्ड ब्लॉकर्स हे टूल चालवलं तेव्हा अडवणाऱ्या फाइली दिसल्या. सेन्सरची वेळ क्लस्टरिंग कॉलममध्ये (नोंदींचा क्रम ठरवणारा कॉलम) ठेवली, राइट टाइमस्टॅम्प नेहमीचा येऊ दिला. पुढच्या फाइली वेळेत जाऊ लागल्या. ओव्हरलॅपची तपासणीच बंद करायचा पर्याय आहे, पण जिथे अपडेट होतात तिथे त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट, डीफॉल्ट टीटीएल वाढवला तरी तो फक्त नव्या नोंदींना लागतो. पिंपळगावच्या एका बागायतदारांचा काढणीच्या वेळी फोन आला, "दादा, डाऊनी आली त्या आठवड्याचा ओलावा दाखवा ना." तो केव्हाच गेला होता. आता रोजची सरासरी आणि ओलाव्याचे तास वेगळ्या टेबलमध्ये, टीटीएलशिवाय जातात. जागा नगण्य लागते.