उसिक की क्रॉफर्ड? सार्वकालिक यादीतली एक जागा

आजच्या एखाद्या बॉक्सरला सार्वकालिक श्रेष्ठांत बसवायचं म्हटलं, की जुने जाणकार लगेच 1940-50 च्या दशकांतल्या अमेरिकन बॉक्सर शुगर रे रॉबिन्सनचं नाव पुढे करतात. फेब्रुवारी 1943 मध्ये तो डेट्रॉइटला त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी जेक लामोटाकडून हरला आणि महिना संपायच्या आत तिथेच त्याला हरवून मोकळा झाला. मधल्या दिवसांत न्यूयॉर्कला आणखी एक लढत खेळला, ती वेगळीच. आज मोठा बॉक्सर वर्षातून दोनदा रिंगमध्ये उतरला तरी चाहते धन्य होतात. त्यामुळे लढतींची संख्या मोजायला बसलं तर या पिढीतल्या कुणाचाच निभाव लागायचा नाही. ती मोजणी बाजूला ठेवू.

या पिढीला एकच जागा द्यायची असेल, तर माझ्या मते चुरस दोघांतच आहे: युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक आणि अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड. (जपानी बॉक्सर नाओया इनौएचे चाहते रागावतील. त्याची कारकीर्द पुरी होऊ द्या, मग बोलू.) दोघांचाही जन्म 1987 चा, आणि व्यावसायिक लढतींत दोघंही हरलेले नाहीत. एकाहून जास्त वजनगटांत जागतिक विजेतेपदाचे सगळे बेल्ट एकाच वेळी दोघांनीही कमरेला बांधले; अशालाच ‘निर्विवाद’ विजेता म्हणतात. कागदावर निवड करणं अवघडच.

नुसतं कौशल्य बघायचं असेल तर क्रॉफर्ड, आणि इथे मी फार वाद घालणार नाही. मूळचा उजव्या हाताचा माणूस डावखुरा उभा राहून समोरच्याला चकवायचा, दोन-तीन फेऱ्या नुसता अंदाज घ्यायचा आणि मग एकेक दार बंद करत न्यायचा. जुलै 2023 ची एरॉल स्पेन्सविरुद्धची लढत मी समालोचनाचा आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिली आहे. तीनदा खाली पाडलं, नवव्या फेरीत रेफरीने थांबवलं. त्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्याला इतकं एकतर्फी धुतलेलं माझ्या पाहण्यात फारसं नाही. वजनगट म्हणाल तर लाइटवेटपासून सुपर मिडलवेटपर्यंत पाच गटांत विजेतेपद, त्यातल्या तिघांत निर्विवाद. चार संस्थांच्या चार बेल्टच्या जमान्यात तीन गटांत निर्विवाद होणारा तो पहिला पुरुष बॉक्सर.

मग अडलं कुठे? 2018 ते 2023 या वर्षांत. क्रॉफर्ड वेल्टरवेटमध्ये (सुमारे 67 किलोच्या गटात) आला तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं की जोड एकच आहे, स्पेन्स. पण दोघांचे प्रवर्तक (लढती ठरवणारे प्रमोटर) वेगळे, दाखवणारे चॅनेल वेगळे. कुस्तीच्या फडात अख्खा गाव ज्या काटाजोडीची वाट बघतोय ती सोडून भलत्याच कुस्त्या लावत राहावं, तसं चाललं होतं. आमिर खान झाला. ती लढत कंबरेखालच्या ठोशानंतर संपली. केल ब्रूक झाला, ज्याला स्पेन्सने आधीच थांबवलं होतं. शॉन पोर्टर झाला. तो विजय नक्कीच वजनदार, पण त्यालाही स्पेन्सने आधीच हरवलं होतं. रविवारी सकाळी पोहे खाताखाता लाइव्ह बघावी अशी ही वेळ, आणि कित्येकदा मी बातमी वाचूनच समाधान मानलं. निकालाबद्दल शंका नसेल तर लाइव्ह बघायचं तरी कशाला?

तोवर स्पेन्सचा 2019 मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, 2021 मध्ये डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही तो जिंकत होता, हे मान्य. तरीही इतक्या सुंदर विजयाला एक ‘पण’ कायमचा चिकटला. सप्टेंबर 2025 मध्ये क्रॉफर्डने सुपर मिडलवेटचा मेक्सिकन विजेता कानेलो अल्वारेझला हरवलं, तेव्हाही लोक म्हणालेच की कानेलो उतरणीला लागला होता. खरं तर क्रॉफर्ड स्वतः 38 व्या वाढदिवसापासून दोनच आठवडे दूर होता आणि दोन वजनगट चढून आला होता. दोष त्याचा किती, धंद्याचा किती, मला ठरवता येत नाही. बघणाऱ्याची चिडचिड मात्र उरते.

उसिकच्या बाबतीत ही चिडचिड मला फार कमी झाली. हेवीवेटच्या लगेच खालच्या क्रूझरवेट गटात तो वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीज या स्पर्धेत उतरला आणि तिथे बाद पद्धतीच्या तक्त्यामुळे प्रवर्तकांच्या रुसव्याफुगव्यांना वावच उरला नाही. हुकला बर्लिनमध्ये हरवलं, ब्रिएडिसला रिगात, गासिएव्हला मॉस्कोत. प्रत्येक वेळी समोरच्याच्या अंगणात. क्रिमियात जन्मलेल्या युक्रेनियन माणसाने 2018 साली मॉस्कोत जाऊन सगळे बेल्ट घेऊन यावेत, हे मला तेव्हाही अचाट वाटलं होतं. पुढे हेवीवेटमध्ये ब्रिटिश विजेता अँथनी जोशुआला त्याच्याच लंडनमध्ये हरवलं. त्या लढती आपल्याकडे भल्या पहाटे येतात, आणि मी त्यातली एकही झोपेपायी सोडली नाही. माझ्यापुरतं हे मोजमाप पुरेसं आहे.

त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं नाही असं मुळीच नाही. वेम्बलीत ब्रिटिश हेवीवेट डॅनियल ड्युबॉइसला हरवलं तेव्हा त्याच्या खात्यावर जेमतेम 24 लढती होत्या. ब्रिएडिसने त्याला चांगलंच दमवलं. हेवीवेट डेरेक चिसोराविरुद्ध सुरुवातीला तो अवघडलेला दिसला. ड्युबॉइसबरोबरच्या पहिल्या लढतीत तो ठोसा बेल्टखाली होता की बेल्टवर, यावर अजून भांडणं होतात. पण शंका उरली तिथे तो परत गेला. ड्युबॉइसला जुलै 2025 मध्ये पाचव्या फेरीतच झोपवलं. ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीविरुद्धचा पहिला निकाल विभागून होता, म्हणजे तीनपैकी एक जज फ्युरीच्या बाजूने होता. सात महिन्यांनी सुमारे 25 किलो जड फ्युरीसमोर तिन्ही जजनी 116-112 असं एकमताने त्याच्या बाजूने दिलं. त्या दुसऱ्या लढतीत माझ्या वहीतल्या गुणांचं अंतर थोडं कमी होतं, पण विजेता तोच.

हेवीवेटचा हा काळ पातळ आहे, अली-फ्रेझर-फोरमनचा नव्हे, असं कुणी म्हटलं तर मान हलवावी लागेल. तरी क्रूझर आणि हेवी या दोन्ही गटांत निर्विवाद ठरलेला त्याच्याआधी एकच, होलीफिल्ड. त्याला यादीबाहेर ठेवायची भाषा कुणी करत नाही.

तेव्हा माझ्या यादीत उसिक वर आणि क्रॉफर्ड त्याच्याखाली दोन-तीन जागांवर. ज्यांना शुद्ध कौशल्य आणि वजनगटांची चढण जास्त मोलाची वाटते, त्यांनी खुशाल उलट लावावं. फक्त त्याआधी क्रॉफर्डच्या 2018 ते 2022 या काळातल्या लढती ओळीने पाहाव्यात, आणि मग उसिकच्या 2017-18 मधल्या त्या तीन.