ईएमआयसी तरंगांच्या अभ्यासासाठी ‘सीडीएवेब’: तरंग चोख, कणांचा हिशेब अर्धा

पृथ्वीच्या चुंबकावरणातील (तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखालील अवकाशातील) विद्युतचुंबकीय आयन सायक्लोट्रॉन तरंग, अर्थात आयनांच्या गिरकीच्या तालाजवळ कंप पावणारे ईएमआयसी तरंग, स्वतः शोधून पाहायचे असतील तर व्हॅन ॲलन प्रोब्स या जुळ्या उपग्रहांची विदा (नोंदवलेली मोजमापे) मला अजूनही सर्वांत सोयीची वाटते. ती मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे नासाच्या गोडार्ड केंद्रातून चालणारी ‘सीडीएवेब’ ही सेवा. तिला नोंदणी लागत नाही आणि शुल्कही नाही. उपग्रह, उपकरण आणि कालावधी निवडला की आलेख ब्राउझरमध्येच तयार होतो, शिवाय सीडीएफ या वैज्ञानिक विदेच्या स्वरूपातली मूळ फाइल किंवा साध्या आकड्यांची यादी उतरवून घेता येते. हे उपग्रह ऑगस्ट २०१२ मध्ये सोडले गेले आणि २०१९ मध्ये त्यांचे काम थांबले, त्यामुळे इथे नव्या नोंदींची भर पडणार नाही. पण आहे तो सात वर्षांचा साठा एकट्या अभ्यासकाला सहजी पुरून उरणारा आहे.

एमफिसिस या उपकरणसंचातील चुंबकमापीची विदा चार सेकंदांना एक, सेकंदाला एक आणि सेकंदाला ६४ नोंदी अशा तीन प्रकारांत ठेवलेली आहे. नवख्याची फसगत नेमकी इथेच होते, कारण पहिल्या दोन प्रकारांच्या फाइली लहान असल्याने हात आपोआप त्यांच्याकडे वळतो. कक्षेच्या दूरच्या टोकाशी, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ५.८ पृथ्वीत्रिज्यांवर, चुंबकीय क्षेत्र साधारण १५० नॅनोटेस्ला असते. तिथे प्रोटॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता, म्हणजे क्षेत्ररेषेभोवती सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या, २.३ हर्ट्झच्या आसपास येते, हीलियम आयनाची तिच्या एक चतुर्थांश आणि ऑक्सिजन आयनाची एक षोडशांश. सेकंदाला एकच नोंद असेल तर अर्ध्या हर्ट्झच्या वरचे काहीही वाचता येत नाही, म्हणजे हीलियम आणि प्रोटॉन यांच्या वारंवारतांमधला अख्खा हायड्रोजन पट्टा हातचा जातो. पहिल्या खेपेला मी हीच विदा घेऊन ‘त्या दिवशी तरंग नव्हते’ असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने वहीत लिहिला होता; दोष सेवेचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

संकेतस्थळावरच्या तयार आलेखावर मात्र विसंबून राहू नये. तरंगाचा आयाम बहुधा एखाद-दुसरा नॅनोटेस्ला, आणि आलेखात क्षेत्र शेकड्यांपासून हजारोंपर्यंत चढत-उतरत असते. त्यात तरंग डोळ्याला दिसणे अशक्य. उपकरणाचे तयार वर्णपटही प्रामुख्याने कोरस आणि हिस यांसारख्या कितीतरी अधिक वारंवारतेच्या तरंगांसाठी आहेत. म्हणून फाइल उतरवावी, पार्श्वभूमीचे क्षेत्र वजा करावे, अक्ष स्थानिक क्षेत्राच्या दिशेला जुळवून घ्यावेत आणि वर्णपट स्वतः काढावा. ०.०९ हर्ट्झजवळ सरळ आडवी रेघ दिसली तर हुरळून जाऊ नये. ती उपग्रहाच्या अकरा सेकंदांच्या गिरकीची खूण असते. विषुववृत्ताजवळ डावे ध्रुवण मिळाले, म्हणजे तरंगाचे क्षेत्र आयनांसारखेच डावीकडे फिरताना दिसले, तर विश्वास वाढतो.

कणांच्या बाबतीत सेवा निम्मी वाट चोख नेते. या तरंगांचा उगम वलय-प्रवाहातील (पृथ्वीभोवती कड्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातील) काही दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनांमध्ये असतो, ज्यांचे क्षेत्राला लंब दिशेतील तापमान समांतर दिशेतील तापमानाहून जास्त झालेले असते. ही विषमता होप आणि आरबीस्पाइस या उपकरणांच्या विदेतून तपासता येते, आणि ती पुरेशी असेल तर तरंग का उठले हे तिथेच कळते. तरंगांच्या इलेक्ट्रॉनांवरील परिणामाकडे वळलो की गोष्ट अधिक रंजक होते. इलेक्ट्रॉन उजवीकडे फिरतो आणि तरंग डावीकडे, त्यामुळे दोघांचे जुळू नये. पण इलेक्ट्रॉन तरंगाला मागे टाकण्याइतका वेगवान असेल, तर त्याच्या दृष्टीने तोच तरंग उजवा ठरतो आणि अनुस्पंदन घडते, म्हणजे दोघांचा ताल जुळून तरंग इलेक्ट्रॉनाची दिशा बदलतो. यासाठी सहसा दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. रेप्ट या उपकरणाच्या विदेत त्याचा ठसा दिसतो: ९० अंशांजवळच्या पिच कोनांतील (कणाचा वेग आणि क्षेत्राची दिशा यांमधल्या कोनांतील) इलेक्ट्रॉन टिकून राहतात आणि लहान कोनांतले घटतात. एकटे ईएमआयसी तरंग वेगवान इलेक्ट्रॉनांचा पृथ्वीभोवतीचा अख्खा प्रारण पट्टा रिकामा करतात, असे म्हणण्यापूर्वी हा आलेख अवश्य पाहावा.

मात्र ते इलेक्ट्रॉन खरोखर वातावरणात कोसळले का, हे ही विदा सांगत नाही. विषुववृत्तावर ‘लॉस कोन’ (ज्या दिशांचे कण वातावरणात जाऊन नष्ट होतात त्यांचा शंकू; इथे कोन म्हणजे भूमितीतला कोन नव्हे) अवघ्या काही अंशांचा असतो आणि कणमापकांना तो वेगळा ओळखता येत नाही. त्यासाठी खालून पाहावे लागते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेले एल्फिन हे छोटे जुळे उपग्रह कमी उंचीवरून कोसळणाऱ्या आणि अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे गुणोत्तर मोजत असत; त्यांची विदा पायस्पेडास या मुक्त पायथन पॅकेजमधून मिळते. व्हॅन ॲलन प्रोब्सशी त्यांचा काळ जेमतेम वर्षभर जुळतो, आणि दोन्ही मोहिमांचे उपग्रह एकाच क्षेत्ररेषेच्या आसपास असण्याचे प्रसंग त्याहून विरळ. म्हणून आधी एल्फिनच्या विदेत दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर उसळणारे गुणोत्तर शोधावे आणि मगच ती वेळ सीडीएवेबवर टाकावी. उलट क्रमाने गेल्यास तरंग भरपूर सापडतील, जोडी क्वचितच.