जातं बोलायला लागलं: आवाज मॉर्फ करायचे प्लगिन तीन महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही. अमळनेरला घराच्या मागच्या खोलीत छोटासा स्टुडिओ आहे, अहिराणी गाणी, डबिंग, यूट्यूबवाल्या पोरांच्या शॉर्ट फिल्मचं साऊंड असं काम चालतं. मॉर्फिंगच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो, पण यंदा एक अहिराणी ऑडिओ गोष्ट आली ज्यात सातपुडा स्वतः बोलतो, आणि दिग्दर्शक पहिल्याच दिवशी म्हणाला की भाऊ मला तो सिनेमातल्या राक्षसासारखा जाड केलेला आवाज नको, दगड बोलतोय असं वाटायला पाहिजे, आणि तो दगड आपल्याकडचाच पाहिजे. म्हणजे पिच खाली ओढून वर रिव्हर्ब (घुमारा) टाकायचा नेहमीचा रस्ता बंद. तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन आवाज एकावर एक ठेवले की ते मिक्स, एक कमी करत दुसरा वाढवला की क्रॉसफेड, पण दोन्हीत कानाला दोन वेगळे आवाज कळतात. मॉर्फमध्ये प्लगिन (साऊंडच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं छोटं जोड-सॉफ्टवेअर) दोन्ही आवाजांचे बारीक बारीक तुकडे करून कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते बघतं आणि मधला तिसराच आवाज बनवतं. व्होकोडर याचा जुना भाऊ म्हणा. बेल लॅब्समध्ये होमर डडली यांनी १९३० च्या दशकात तो काढला, तो एका आवाजाची चाल दुसऱ्यावर चढवतो, मधला आवाज तयार करत नाही. टाल कंपनीचा व्होकोडर फुकट मिळतो, ११ बँडचा आहे, जुन्या मशीनसारखा वाजतो आणि रोबोटसाठी मस्त आहे. पण डोंगरासाठी नाही, गोष्टीत डोंगराचं बोलणाऱ्या नानांचा आवाज त्यात टाकला आणि दहा मिनिटांत काढून टाकला.

मग मेल्डाप्रोडक्शनचं एममॉर्फ घेतलं. ही चेक प्रजासत्ताकातली कंपनी आहे, १५ दिवस ट्रायल देतात आणि एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट कायमचे फुकट, आपल्यासारख्या छोट्या धंद्याला हे फार मोठं आहे. मुख्य ट्रॅकवर एक आवाज, साइडचेनमधून (प्लगिनच्या दुसऱ्या वाटेने) दुसरा, आणि मधे मॉर्फचा नॉब. मी रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यात ट्रॅक चार चॅनलचा करायचा, दुसऱ्या ट्रॅकचा सेंड (आवाज इकडे पाठवणारी जोडणी) चॅनल ३/४ वर टाकायचा, झालं. पहिल्यांदा करताना नॉब फिरवून पण काहीच बदलत नसेल तर ९९ टक्के वेळा हा सेंड १/२ वर राहिलेला असतो, तेवढं आधी तपासा.

आता खरी गोष्ट. माझ्याकडे एका बाजूला नाना होते, नात्यातलेच, वय ७८, अस्सल अहिराणी, बोलताना छातीतून खर्ज निघतो. दुसऱ्या बाजूला आमच्या घरातलं जातं. वीस वर्षं कोपऱ्यात पडलं होतं, आईने धुवून पुसून दिलं आणि स्वतः बसून ज्वारी दळली. मे महिना, बाहेर ४४ डिग्री, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, तिने पदराने घाम पुसत पुसत अर्धा तास दळलं आणि एकदाही कुरकुर केली नाही. जात्याचा आवाज नुसता घरघर नसतो बरं का, नीट ऐकलं तर प्रत्येक फेऱ्यात खुंटा एका बाजूला आला की आवाज किंचित वर चढतो आणि मग खाली बसतो, दाणे कमी पडले की दगडावर दगड कोरडा वाजतो. मी तीन थर वेगळे घेतले, दाणे भरलेलं, अर्धं, आणि जवळजवळ रिकामं. रिकाम्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

पहिला मॉर्फ भयंकर आला. आवाज पिठूळ, शब्द कळेना, नाना बोलतायत का मशीन चालू आहे काही समजेना. दोन दिवस प्लगिनमध्ये नॉब फिरवत बसलो आणि मग डोक्यात शिरलं की भानगड विंडोची आहे, म्हणजे प्लगिन एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा बघतं त्याची. सेकंदाला ४८००० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये ४०९६ सॅम्पलची विंडो म्हणजे साधारण ८५ मिलिसेकंदांचा तुकडा, त्यात स्वर सुंदर येतो कारण फ्रिक्वेन्सी १२ हर्ट्झच्या बारकाईने कळते, पण क, ट, प असली व्यंजनं त्या ८५ मिलिसेकंदांत विरघळून जातात. १०२४ केली की तुकडा २१ मिलिसेकंदांचा, व्यंजनं परत आली, पण आता स्वर खडबडीत, कारण बारकाई ४७ हर्ट्झवर गेली. एक धरलं की दुसरं सुटतं, आणि हा कुठल्या कंपनीचा दोष नाही, गणितच तसं आहे. म्हणून कोणी तुम्हाला सांगत असेल की अमुक प्लगिनमध्ये दोन्ही शंभर टक्के मिळतं तर विश्वास ठेवू नका.

उपाय मी असा केला, ज्यांना बोलका आवाज मॉर्फ करायचाय त्यांनी लिहून ठेवा. नानांचा ट्रॅक दोनदा ठेवला. एकावर मोठ्या विंडोचा मॉर्फ, दुसरा तसाच, फक्त त्याचं ४ किलोहर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. म्हणजे स, श, च यांची धार नानांची आणि अंग जात्याचं. मॉर्फवाला ट्रॅक उशिरा येतो, रीपर तो उशीर आपोआप भरून काढतो, पण एकदा झूम करून दोन्ही वेव्ह जुळल्यात का ते डोळ्याने बघा. आणि मॉर्फचा नॉब एका जागी ठेवू नका, ऑटोमेशन करा, म्हणजे तो वाक्याबरोबर आपोआप फिरेल. वाक्याच्या सुरुवातीला ३० टक्के जातं, शेवटच्या लांब स्वराला ७० पर्यंत नेलं की डोंगर बोलता बोलता परत दगड होतो. हे जेव्हा पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, मी आईला उठवून हेडफोन लावला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "हाई ते जातं बोली ऱ्हायनं." मला दुसऱ्या कुठल्या रिव्ह्यूची गरज नाही.

यावरून जे पक्कं कळलं ते म्हणजे मॉर्फला दोन आवाजांचं आपसात पटावं लागतं. नानांचा खर्ज आणि जात्याची घरघर दोन्ही खालच्या पट्टीत, दोन्ही लांबणारे, म्हणून जमलं. पावरीचा (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) आवाज रेल्वेच्या भोंग्याबरोबर जुळवायचा प्रयत्न केला (आमच्याकडे सुरत भुसावळ लाइन आहे, मालगाडीचे भोंगे रात्रभर मिळतात), तो आधी फसला, मग भोंगा रीपरमधल्या रीपिच या सूर बदलणाऱ्या प्लगिनने पावरीच्या सुरात आणला तेव्हा कुठे बसला. सूर आधी जुळवा, मग मॉर्फ करा. उलटं केलं की नुसता गढूळ काला होतो.

आणि रेकॉर्डिंग स्वच्छ पाहिजे म्हणजे पाहिजेच. मागे अक्कलकुव्याकडे काठी गावच्या होळीला गेलो होतो, त्या राजवाडी होळीचे ढोल, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे लोक, अंगावर काटा येतो असा आवाज, रात्रभर रेकॉर्ड केलं. ऐकायला ते सोन्यासारखं आहे, पण मॉर्फला त्यातलं एक सेकंद उपयोगी पडलं नाही, कारण प्लगिनला ढोल, घुंगरू, गर्दी, शिट्ट्या सगळं एकच वाटतं आणि ते सगळ्याचाच दगड करून टाकतं. मग परत जाऊन एका पाड्यावर एकट्या ढोलवाल्या दादांना बसवलं, काय करणार आहे ते आधी सांगितलं, त्यांचे पैसे ठरवून दिले, आणि झालेलं काम नंतर फोनवर ऐकवलं. हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. ढोलाच्या बाबतीत अजून एक, थापेचे पहिले ३०-४० मिलिसेकंद मूळ ढोलाचेच ठेवा आणि फक्त मागची घुमक मॉर्फ करा, नाहीतर थाप मऊ पडते आणि ढोल उशीवर मारल्यासारखा लागतो.

फुकटातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते पॉलएक्सस्ट्रेच. रोमानियाच्या पॉल नास्का यांच्या पॉलस्ट्रेचवरून हे बनलंय, ओपन सोर्स आहे. २०१० साली कोणीतरी एक पॉप गाणं पॉलस्ट्रेचने ८०० टक्के हळू करून टाकलं होतं आणि ते जगभर फिरलं, आठवत असेल. हे मॉर्फ करत नाही, ताणतं, आणि ताणताना फेज (लहरींची आपसातली जुळणी) विस्कटून टाकतं, त्यामुळे आवाज ढगासारखा पसरतो. ४ सेकंदांचा पावरीचा सूर ४५ पट ताणला, ३ मिनिटांचं रान तयार, अख्ख्या गोष्टीच्या खाली तेच वाजतंय. ठेका असलेली वस्तू मात्र यात टाकू नका, ठेका राहतच नाही.

दुसरं फुकटचं व्हॅल्हाला कंपनीचं सुपरमॅसिव्ह, २०२० मध्ये आलं. याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय म्हणून एवढंच सांगतो की त्यातला वार्पचा नॉब शून्यावर ठेवला की साधा एको, वाढवत नेला की तो एको विरघळत रिव्हर्ब होतो, आणि मॉर्फ केलेल्या आवाजातला जो थोडा कृत्रिमपणा राहतो तो यात बुडून जातो. त्याचा मिक्सचा नॉब १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, डोंगर विहिरीत बसल्यासारखा वाटायला लागतो.

एक वाईट अनुभव पण सांगतो, नाव घेत नाही. याच प्रकारातलं दुसरं एक महाग प्लगिन घेतलं होतं, त्याचं ॲक्टिव्हेशन दर काही दिवसांनी नेटवरून तपासलं जायचं. वादळात आमच्याकडे दोन दिवस लाइट आणि नेट दोन्ही गेलं, इन्व्हर्टरवर काम चालू होतं, आणि ऐन डिलिव्हरीच्या दिवशी प्लगिनने उघडायला नकार दिला. मेल केला तर आठ दिवसांनी उत्तर, तेही छापील. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा, नेट नसताना हे चालतं का. आणि चालत असलं तरी काम झालेला ट्रॅक लगेच रेंडर करून (तयार ऑडिओ फाइल बनवून) ठेवायचा, मी आता रोज झोपण्याआधी तेवढं करतो. त्याने दुसरा फायदा पण होतो, ८ जीबीच्या लॅपटॉपवर असे दोनच प्लगिन एका वेळी चालतात, तिसरं टाकलं की आवाज तुटतो, आणि उन्हाळ्यात तर लॅपटॉपचा पंखाच माइकमध्ये येतो.

पैशाचं म्हणाल तर रीपरचं छोट्या धंद्यासाठीचं लायसन्स ६० डॉलरला आहे, ६० दिवस वापरून बघता येतं, पॉलएक्सस्ट्रेच आणि सुपरमॅसिव्ह ही दोन फुकटची त्यात टाका आणि महिनाभर त्याच्यावरच काम करा. बाहेरच्या देशातलं पेमेंट करताना कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहे का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा, माझं दोनदा अडकलं. आणि मॉर्फच्या प्लगिनची ट्रायल लगेच टाकू नका. आधी आवाज गोळा करा, जातं असेल, गिरणीचा पट्टा असेल, जिनिंगमधलं कापसाचं मशीन असेल, भरीत लाकडी भांड्यात ठेचताना येणारी धपधप असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज तर आधी, सगळं स्वच्छ, एकेक वेगळं. फोल्डर भरला की मग ट्रायल सुरू करा, कारण १५ दिवस फार पटकन जातात आणि माझे त्यातले सहा नुसते नॉब फिरवण्यात गेले होते.