28 प्लॉटांच्या लेआउटमधला आमचा 37 नंबर

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठावरच्या गावातले. 2020 मध्ये ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, तेव्हा आमच्या मातीच्या घरात कमरेएवढं पाणी चढलं होतं. धान गेला, एक भिंत बसली. तेव्हापासून ह्यांनी धरूनच ठेवलं होतं की एसटीतून रिटायर झालो की उंचावर जागा घ्यायची. त्यामुळे जागा पाहायला गेलो की आमचा प्रश्न एकच असायचा, इथं पाणी येते का?

2023 च्या फेब्रुवारीत नात्यातल्या एका पोराच्या ओळखीने एक एजंट घरी आला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून त्याने लेआउट दाखवला. रोडला लागून गेट, सिमेंटचे खांब, चुन्याच्या रेषा, बोर्डावर मोठ्या अक्षरात 'एन.ए.टी.पी.', म्हणजे अकृषिक आणि नगररचनेची मंजुरी असलेला. समोरचे प्लॉट विकले गेले होते, दोन घरांचे पाये भरलेले होते. आम्हाला मागे नेलं. तिथे चढ होता, खाली लाल मुरूम, बाजूने पळस फुललेला. "काकू, पाणी थांबतच नाही जी इथं. मुरमाची जागा हाय, पायव्याचा खर्च अर्धा," तो म्हणाला. ह्यांनी खाली बसून मुरूम हातात घेऊन पाहिला. मला तो क्षण अजून आठवतो, कारण तिथेच आमचं ठरलं. 1500 चौरस फूट, 320 रुपयांनी, 4 लाख 80 हजार.

कागद आम्ही पाहिले होते. सातबारा होता, त्यावर अकृषिक नोंद होती. कलेक्टर ऑफिसच्या आदेशाची झेरॉक्स होती, नगररचनेचा शिक्का असलेला रंगीत नकाशा होता. नकाशावर 37 नंबर स्पष्ट दिसत होता. रजिस्ट्री झाली, अंगठे झाले, फोटो निघाले. घरी येऊन देवापुढे कागद ठेवला.

दीड वर्षाने घरासाठी कर्ज काढायला बँकेत गेलो. बँकेच्या वकिलाने नगररचना कार्यालयातून मंजूर नकाशाची नक्कल मागवली आणि आम्हाला बोलावून घेतलं. आदेश खरा होता, सातबाराही खरा. खसरा (म्हणजे जमिनीचा नंबर) 112/1, क्षेत्र 0.64 हेक्टर, एकूण प्लॉट 28. नकाशात 28 च्या पुढे नंबरच नव्हता.

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "साहेब, आमच्या नकाशात आहे ना." त्यांनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी ठेवले. नंतर हा सगळा डाव समजला, तो असा. मंजूर लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते, ती कुणाला विकता येत नाही. आमच्या हातातल्या नकाशात त्या खुल्या जागेवर 29 ते 34 नंबर टाकले होते. आणि 35 पासून 44 पर्यंतचे प्लॉट 112/1 च्या हद्दीबाहेर, मागच्या खसरा 113 वर आखले होते. शिक्का मात्र खऱ्या नकाशाचा, रंगीत झेरॉक्समध्ये उतरवलेला. रजिस्ट्रीत लिहिलं आहे 'खसरा 112/1 पैकी प्लॉट क्र. 37'. प्रत्यक्षात त्या खसऱ्यात असा प्लॉटच नाही आणि आम्ही ज्या मुरमावर उभे राहिलो होतो, तो 113 चा.

मग 113 कुणाचा? सातबारा काढला, तर सरकार. तहसीलच्या अभिलेख कक्षातून निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या वापराच्या सरकारी जमिनींची नोंद, काढलं, त्यात लिहिलेलं, 'झुडपी जंगल'.

हा शब्द विदर्भातच ऐकू येतो. आम्ही जुन्या मध्य प्रांतातले, 1956 नंतर मुंबई राज्यात आलो, पण जमिनीचे जुने कागद तसेच राहिले. गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे ढोरं चारायला, सरपणाला ठेवलेली, हलकी, मुरमाड, झुडपं असलेली जमीन या नावाने नोंदलेली आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहाही जिल्ह्यांत गावोगावी ती आहे. पुराला भिऊन जी उंच, मुरमाची जागा आम्ही शोधत होतो, तशीच ही असते. आमची भीती त्या एजंटने बरोबर ओळखली होती.

एजंटला फोन केला तेव्हा तो घाबरला नाही. म्हणाला, "काकू, झुडपी सरकार सोडून देणार हाय. थोडं थांबा, तुमचं नाव चढून जाते." आम्ही थांबलो, हीच आमची दुसरी चूक. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच समजायची, 1980 चा वन संवर्धन कायदा तिला लागू आहे. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने ज्या जागा वाटून दिल्या, त्यांचा विचार वेगळा होणार आहे. आमचे खांब 2022 चे. शिवाय ती जमीन विकायचा हक्क एजंटला आणि त्याच्या मालकाला कधीच नव्हता.

आता पोलिसांत तक्रार आहे. व्यवहार 2023 चा, म्हणून जुन्या दंड संहितेचं कलम 420 लावलं आहे. पैसे मिळाले नाहीत. 29 ते 44 मधले नऊ जण आम्ही एकत्र आलो आहोत, बाकीचे अजून सापडले नाहीत. काही पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्यांना कदाचित माहीतही नसेल.

प्लॉट पाहत असाल त्यांना कळकळीने सांगते, विकणाऱ्याने दिलेला नकाशा पाहूच नका. नगररचना कार्यालयात जाऊन मंजूर नकाशाची नक्कल स्वतः काढा, मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाका. त्यात एकूण प्लॉट किती आहेत ते आधी मोजा, मग आपला नंबर शोधा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटांचा लेआउट असेल तर महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर विचारा, आमच्या बोर्डावर तो नव्हता. गावचा खसरा महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर मोबाइलवरही दिसतो. शेजारचा खसरा सरकारी असेल तर त्याचं निस्तार पत्रक काढल्याशिवाय इसार देऊ नका. आणि पैसे देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. मोजणीची फी जास्त वाटते, आम्हालाही वाटली होती. रजिस्ट्रीने दस्त नोंदला जातो, पण विकणारा खरंच मालक आहे की नाही याची हमी त्यातून मिळत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

गेट अजून उभं आहे, बोर्डही आहे. ढोरं चारायला जाणारी पोरं मला सांगतात कोण आलं ते. मागच्या रविवारी तुमसरकडचं एक तरुण जोडपं आलं होतं, कडेवर लेकरू. मी चालत गेले आणि त्या बाईला विचारलं, "बाई, कोणता नंबर दाखवला तुम्हाला?"

ती म्हणाली, "41."

त्यांना घरी नेलं, चहा दिला आणि दोन्ही नकाशे पुढे ठेवले.