अलॉय व्हीलचा फ्री डेमो मला १५,००० ला पडला

सिग्नलला बाजूने बाईकवाला येतो आणि "साहेब, ऑइल गळतंय" म्हणतो ना, त्याला मी आजवर तीनदा हाकललाय, एकदा ऐरोली-मुलुंड पुलावर आणि दोनदा ठाणे-बेलापूर रोडला. म्हणून आधीच सांगतो, मला अगदीच बावळट समजू नका. तरी स्वतःच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सकाळी साडेनऊला, हातात चहाचा कप असताना फसलो. वर मी रबाळे एमआयडीसीत केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे, हे लिहितानाच लाज वाटतेय.

मे महिन्यातला शेवटचा रविवार, गाडी धुत होतो. गाडी सेकंडहँड, पाच वर्षं जुनी, १६ इंची डायमंड कट अलॉय, पुढच्या दोन चाकांवर ब्रेकची काळी धूळ अशी बसलेली की शॅम्पूने हलेना. पंचविशीतला एक पोरगा आला, टी-शर्टवर कसलंसं डिटेलिंगचं नाव, जीभ एकदम गोड. "दादा, एक चाक फुकट करून दाखवतो, आवडलं तर पुढचं बोलू." गाव विचारलं तर कराडच्या बाजूचं. मीपण तिकडचाच. इथेच अर्धा गेलो.

त्याने पिशवीतून पाण्याची साधी बाटली काढली, वर स्प्रेचं बूच, लेबल काही नाही, आणि हातात कोपरापर्यंत रबरी ग्लोव्हज चढवले. फवारलं. ओघळ खाली पार्किंगच्या कोटा फरशीवर आले आणि तिथे फसफसायला लागलं, बारीक बारीक बुडबुडे, आवाजासकट. नाकाला झोंबलं. मी हे सगळं बघितलं हो! बघून काय म्हणालो, तर "काय जबरदस्त फेस आहे." फेस कसला डोंबलाचा, कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, त्याच्यावर ॲसिड पडलं की तो फसफसणारच, घरी कामाच्या मावशींनी बाथरूमला ॲसिड ओतलं की फरशी खाल्ली म्हणून ओरडणारा मीच. साबण फसफसत नाही एवढं मला कळत नाही का? कळतं. पण रविवार होता, चहा अर्धा राहिला होता आणि पोरगा कराडचा होता.

असल्या स्वस्त व्हील क्लिनरमध्ये बऱ्याचदा हायड्रोफ्लोरिक ॲसिड (एचएफ) नाहीतर अमोनियम बायफ्लोराइड असतं. एचएफ कातडीतून आत शिरतं, जिथे ते हाताळतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवावं लागतं, हे सेफ्टी ट्रेनिंगमध्ये ऐकून कान किटलेत माझे. आणि माझा सात वर्षांचा मुलगा तिथे अनवाणी उभा होता. बाटलीवर लेबल नसेल तर त्या माणसाला गाडीपासून चार हात लांबच थांबवा, बाकी गप्पा नंतर.

धूळ गेली, पण दहा मिनिटांत चाक दुधाळ पांढरं पडलं. पोरगा मान हलवत म्हणतो, "दादा, आतलं ऑक्सिडेशन वर आलंय, तुमचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, संपला, चारही चाकं जाणार." त्यानेच वाट लावली आणि त्यानेच निदान सांगितलं! आणि एक चाक पांढरं, तीन नीट, अशी गाडी घेऊन सोमवारी कंपनीत कसा जाणार? म्हणून हो म्हटलं. एका चाकाचे ३,२०० म्हणजे चारचे १२,८००, सिरॅमिक कोटिंगचे २,५००, नेण्याआणण्याचे ५००, एकूण १५,८००, "गाववाले म्हणून" १५,०००. ॲडव्हान्स ७,००० यूपीआयने. स्क्रीनवर नाव आलं ते भलत्याच बाईचं, विचारलं तर म्हणे वहिनीचं अकाउंट. ठीक आहे म्हटलं. काय ठीक होतं देव जाणे.

तीन दिवस गाडी सिमेंटच्या ब्लॉकवर. येणाजाणारा प्रत्येक जण विचारून गेला. बुधवारी चाकं आली, आरशासारखी, उरलेले ८,००० दिले. बायको तेव्हाच म्हणाली, "जरा जास्तच चमकतायत." मी ऐकलं नाही.

पाऊस सुरू झाला आणि बारा-तेरा दिवसांत चारही चाकांवर पांढरे ठिपके, वर हात फिरवला तर खरखरीत. दिवा गावात एक जुना टायरवाला आहे, त्याने फडक्याला थोडं मेटल पॉलिश लावून चाकावर घासलं, फडकं काळंकुट्ट. म्हणाला, कोट असता तर फडकं काळं झालंच नसतं, हे उघडं ॲल्युमिनियम आहे, काचकागद मारून बफिंग केलंय फक्त. डायमंड कट लेथवर करतात, त्यात जवळून बघितलं तर तबकडीसारख्या बारीक गोल रेघा दिसतात. माझ्या चाकांवर आडवेतिडवे ओरखडे. तुम्ही पैसे देण्याआधी हे फडक्याचं करून बघा, दोन मिनिटं लागतात.

मग तक्रारीची वारी. पोरग्याचा नंबर बंद. कार्डावरच्या गाळ्याला गेलो तर तिथे पत्र्याचं शटर आणि बाहेर भज्यांची गाडी. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, हा सिव्हिल मॅटर आहे, पैसे तुम्हीच दिलेत ना, चाकं परत मिळाली ना? मिळाली. मग फसवणूक कुठे? समोरच्या बाकावरचा माणूस हसला. बँक म्हणते तुम्हीच पिन टाकलाय. सायबरच्या हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि सांगितलं, सर्व्हिस मिळालीये तर हे आमच्यात बसत नाही. ग्राहकांच्या हेल्पलाइनने तक्रार घेतली, नऊ दिवसांनी मेसेज, "निकाली". कसली निकाली? मला कुणी फोनसुद्धा केला नाही! २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात केस टाकता येते, ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, सगळं वाचलं मी. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे वहीच्या कागदावरचं बिल, ना जीएसटी नंबर, ना शिक्का. पक्कं बिल नाही तर एक रुपया देऊ नका.

आणि ती मूळची काळी धूळ? ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात ते. ॲसिड नसलेला आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की जांभळा ओघळ येतो, मऊ ब्रशने घासायचं आणि वाळू न देता धुवायचं. चाक गार असताना, सावलीत. मी आता एक बाटली आणलीये, ६५० ला. कोट गेलेल्या चाकांवर काय मारू ती?

नीट काम करणाऱ्याने पावडर कोट आणि लेथ धरून चाकामागे ४,५०० सांगितलेत, म्हणजे अजून १८,०००. आणि काल मेंटेनन्सचं बिल आलं, त्यात सेक्रेटरींनी वेगळी ओळ टाकलीये, पार्किंगचा कोटा खराब केल्याबद्दल १,२००.